पोकर फेस, डेडपॅन, स्टोइक: चेहरा तोच, शब्द वेगळे

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मित्राचे वडील गेले. घरात रडारड चाललेली, आणि हा मात्र आल्यागेल्याला पाणी विचारतोय, डॉक्टरांची बिलं बघतोय. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'काय पोकर फेस ठेवलाय भावाने!' मला खरं तर कौतुक करायचं होतं. आठवड्याने त्याने विचारलं, 'मी काय लपवत होतो रे?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग या शब्दांच्या मागे लागलो.

पोकर हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत फोफावलेला पत्त्यांचा जुगार. हातात भारी पानं आली तरी समोरच्याला कळू द्यायचं नाही. 'पोकर फेस' हा शब्द १८७०च्या दशकात छापून यायला लागला. म्हणजे त्यात डाव आहे, लपवाछपवी आहे. मित्राला लागलं ते हेच.

'डेडपॅन' १९२०च्या दशकातला, तोही अमेरिकनच. 'पॅन' म्हणजे तिथल्या बोलीभाषेत थोबाड! हा शब्द विनोदाचा. त्याचा बादशहा बस्टर कीटन. लहानपणी आईबाबांच्या स्टेज शोमध्ये बाबा त्याला चक्क उचलून फेकायचे. पोरगं स्वतः हसलं की प्रेक्षक गप्प, आणि चेहरा मख्ख ठेवला की हशा. हे त्याला तेव्हाच कळलं. १९२८च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. तो नेमका खिडकीच्या जागी उभा असतो म्हणून वाचतो. भिंत खरीखुरी होती बरं का! आणि चेहरा? ढिम्म. एकदा बघाच.

'स्टोइक' मात्र या दोघांपेक्षा खूप जुना. इ.स.पू. ३००च्या सुमारास अथेन्समध्ये झेनो नावाचा तत्त्वज्ञ एका चित्रं रंगवलेल्या, खांबांच्या ओसरीत शिकवायचा. अशा ओसरीला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून हे नाव. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ते ओळखून वागायचं, हा त्यांचा भर. आपला 'स्थितप्रज्ञ' याच्या जवळचा, तंतोतंत तोच नव्हे. आणि हे लोक दगड नव्हते हां. विवेकातून येणारा आनंद त्यांना मान्य होता.

त्या दिवशी मला बहुधा हाच शब्द हवा होता. पण तोही बाहेरूनच लावलेला. आत काय चाललं होतं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. उद्या फोन करतोय.

भेटू पुढच्या भागात!