‘मागास’ : एका विशेषणाचा प्रवास

१/ परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या शिवारात ‘मागास’ हा शब्द राज्यघटनेच्याही आधीपासूनचा आहे. पाऊस लांबला की पेर मागास होते. वेळेआधी झाली तर ती आगाप. मागास पेरीसाठी बियाण्याला कोणी दोष देत नाही.

२/ इंग्रजीतील ‘बॅकवर्ड’ या विशेषणाचा मूळ अर्थ ‘मागच्या दिशेचा’. उशिरा येणाऱ्या पिकालाही इंग्रज हेच विशेषण लावीत. पुढे ते माणसांच्या समूहांना लागले आणि त्यात कमीपणाचा सूर मिसळला.

३/ २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी नोकऱ्यांतील ५० टक्के रिक्त जागा राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळता सारे मागास, अशी व्याख्या होती. हिणविणारे विशेषण हक्काचा आधार बनले.

४/ ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या शब्दावर वाद झाला. डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद असा : समान संधी हा नियम, आरक्षण हा अपवाद. ‘मागास’सारखे विशेषण नसेल तर अपवाद नियमालाच गिळेल. मागास कोण, हे त्या त्या सरकारने ठरवावे. हा शब्द आज अनुच्छेद १६(४) मध्ये आहे.

५/ मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकताच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, मुक्त झाला होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण परक्या भाषेतून घ्यावे लागे. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि जातींना लागलेले विशेषण या प्रदेशालाही लागले : ‘मागास मराठवाडा’.

६/ १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने वेगळी वाट धरली. सिंचन, रस्ते, शिक्षण यांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे तिने मोजले. ‘अनुशेष’ हा शब्द त्यातून रुळला. अनुशेष हे नाम आहे. त्याची रक्कम मांडता येते आणि ती देणारा कोण, हे विचारता येते.

७/ ‘मागासलेला’ म्हटले की कर्ता दिसत नाही. ‘मागे ठेवलेला’ म्हटले की कोणी ठेवले, हा प्रश्न उभा राहतो. शेतकरी मागास पेरीचा हिशेब पावसाकडे मागतो, बियाण्याकडे नाही. माणसांच्या आणि प्रदेशांच्या मागासपणाचा हिशेबही तसाच मागायला हवा.