पायलट जेटची गोष्ट

इथे इंग्लंडमध्ये अजूनही हौसेने चालवल्या जाणाऱ्या जुन्या ट्रायम्फ बॉनव्हिल तुम्ही पाहिल्या असतील. १९५९ च्या या मोटरसायकलला कार्ब्युरेटर दोन, दोन्ही अमालचे. अमाल म्हणजे १९२७ मध्ये ॲमॅक, ब्राऊन अँड बार्लो आणि बिंक्स यांची मिळून झालेली कंपनी.

अमालचा 'मोनोब्लॉक' साफ करायला सोपा. खालचे नट काढले की मेन जेट आणि पायलट जेट दोन्ही हातात येतात. पेट्रोलमध्ये धुवा, हवा मारा, झालं! १९६७ मध्ये त्याच्या जागी सुटसुटीत 'कॉन्सेंट्रिक' आला. पुढे मात्र फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी त्यातला पायलट जेट बॉडीतच कायमचा ठोकून बसवला. छिद्र जेमतेम ०.४ मिलिमीटरचं, तेही आत खोल. गाडी हिवाळाभर उभी राहिली की पेट्रोल वाळून ते बुजतं, आणि सिग्नलला गाडी बंद! मग एअर स्क्रू काढून त्याच भोकातून केसासारखं बारीक ड्रिल हातानेच, हळूहळू फिरवत आत घालायचं. कंपनीचा एक सुटा भाग वाचला, निस्तरायचं मालकाने. आमच्या आयटीत अशा बदलाला 'अपग्रेड' म्हणतात.

आता अमालच्याच नावाने मिळणाऱ्या 'प्रीमियर'मध्ये पायलट जेट पुन्हा सुटा केलाय.