दप्तराची कसोटी

कृष्णाकांठच्या जुन्या वाड्यांतील दप्तरखाना ज्यानें पाहिला असेल, त्याच्या डोळ्यांपुढें रुमालांच्या चळती उभ्या राहतील. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचें दप्तर होतें. मिरजेस व सांगलीस पटवर्धनांचीं दप्तरें होतीं. अशा दप्तराची योग्यता कशावरून ठरवावी? रुमालांच्या संख्येवरून खास नाहीं. हवा तो कागद किती लवकर हातीं येतो, आणि येतो तो जसा ठेविला तसाच येतो कीं नाहीं, ह्या दोन गोष्टींवरूनच ती ठरते. मिरजेचे शिक्षक वासुदेव वामन खरे ह्यांनीं १८९७ सालीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ह्या नांवानें छापण्यास आरंभ केला. पुढें साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनीं १९०८ सालीं 'इतिहाससंग्रह' काढला. कागद असणें आणि कागद सांपडणें ह्यांत केवढें अंतर आहे, हें अशा संशोधकांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

संगणकाच्या पोटांतहि असेंच एक दप्तर असतें. यंत्राचा सर्व कारभार जिच्या हातीं, त्या मुख्य आज्ञावलीला कर्नेल म्हणतात. आणि ह्या कारभाऱ्याच्या पदरीं कागदपत्र सांभाळणारा जो फडणीस, त्याचें नांव फाइल-सिस्टिम. डिस्कच्या फिरत्या तबकडीवर सारख्या आकाराचे असंख्य खण पाडलेले असतात. कोणत्या फाइलीचा कोणता तुकडा कोणत्या खणांत ठेविला ह्याची याद राखणें, मागतांच तो काढून देणें, आणि रिकामे झालेले खण पुन्हां कामास लावणें, हें त्याचें काम. ह्या फडणिसाला ठराविक काम नेमून द्यावयाचें व घड्याळ लावून त्याची परीक्षा घ्यावयाची, ह्या रीतीस बेंचमार्क असें नांव आहे. शब्द मूळचा मोजणीदारांचा. जमिनीची पातळी मोजतांना दगडावर कोरून ठेवलेली जी कायमची खूण, ती बेंचमार्क. खूण स्थिर असेल तरच मापाला अर्थ, हा त्या शब्दांतील इशारा मात्र पुढें पुष्कळदां विसरला गेला.

ह्या परीक्षेचा सर्वांत बोधप्रद प्रसंग अमेरिकेंत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत घडला. बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं जन्मलेली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तेथें वापरांत होती. तिच्या जुन्या फाइल-सिस्टिमचे खण ५१२ बाइटांचे होते, आणि डिस्कच्या अंगीं जी गति होती तिच्यापैकीं शेंकडा सुमारें दोनच पदरांत पडे. खण दुप्पट केले, तेव्हां हें प्रमाण शेंकडा चारांवर गेलें. परंतु खरा उलगडा पुढेंच झाला. नव्यानें मांडलेलें दप्तर सेकंदास १७५ किलोबाइटपर्यंत मजकूर देई. तेंच दप्तर कांहीं आठवडे वापरल्यावर ३० किलोबाइटांवर येई. फाइली पुसल्या जात, नव्या लिहिल्या जात, आणि रिकामे खण चोहोंकडे विखुरले जात. एकाच पत्राचा प्रत्येक बंद निरनिराळ्या रुमालांत घातला, तर कारकुनाची जी धांवपळ होईल, तीच डिस्कवरील वाचणाऱ्या हेडची होत असे.

मॅकक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री ह्या चौघांनीं ह्यावर काढलेला तोड १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. खण मोठे केले, एका फाइलीचे तुकडे शक्य तों शेजारीं शेजारीं ठेविले, आणि डिस्कचा सुमारें दहावा भाग मुद्दाम मोकळा राखला. गति शेंकडा ४७ पर्यंत चढली. ह्या मंडळींचा प्रामाणिकपणा असा कीं, ही मोकळी जागा भरूं दिली तर गति जवळजवळ निम्म्यावर येते, हेंहि त्यांनीं त्याच निबंधांत नमूद केलें.

सर्वांनींच एवढी दक्षता राखली नाहीं. १९८८ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील मंडळींनीं, ज्यांत महादेव सत्यनारायणन् हे भारतीय संशोधकहि होते, एक पांच पायऱ्यांची कसोटी प्रसिद्ध केली. फाइली ठेवण्याच्या जागा निर्माण करणें, फाइली उतरून घेणें, त्यांची पाहणी करणें, त्या वाचून काढणें, आणि त्यांतील आज्ञावली यंत्राच्या भाषेंत सिद्ध करणें, असा तो क्रम होता. कामकऱ्याच्या खऱ्या दिवसाची ती छोटी प्रतिकृति होती. पण तिच्यांतील सुमारें ७० फाइली मिळून २०० किलोबाइटांच्याच होत्या. यंत्राची स्मृति जसजशी वाढली, तसतसा हा सगळा पसारा स्मृतींतच मावूं लागला आणि डिस्कपर्यंत जाण्याचें कारणच उरलें नाहीं. कारकुनानें बैठकीवरचाच कागद उचलून द्यावा आणि दप्तरखान्याची वाहवा व्हावी, तसा हा प्रकार झाला.

जुनें झालेलें दप्तर मोजल्याशिवाय खरें माप निघत नाहीं, हें ओळखून हार्वर्ड विद्यापीठाच्या कीथ स्मिथ व मार्गो सेल्ट्झर ह्यांनीं १९९७ सालीं फाइल-सिस्टिमला कृत्रिम रीतीनें वार्धक्य आणून मग तिची परीक्षा घेण्याची पद्धति मांडली. तरीहि २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेंत १०६ निबंधांतील ४१५ कसोट्या तपासल्या गेल्या, तेव्हां प्रचारांतील बहुतेक कसोट्या सदोष असल्याचाच निष्कर्ष निघाला.

ह्या इतिहासाचें एक प्रकरण साताऱ्याहून फार दूर नसलेल्या पुण्यांत लिहिलें गेलें. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीनें निर्माण केलेली झेड-एफ-एस ही फाइल-सिस्टिम परवान्याच्या अटी न जुळल्यामुळें लिनक्सच्या कर्नेलमध्यें समाविष्ट होऊं शकत नव्हती. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनें तिचा पाया लिनक्सवर आणला होता. पण नेहमींच्या फाइली उघडण्यास लागणारा वरचा थर तींत नव्हता. पुण्याच्या केक्यू इन्फोटेक कंपनीनें तो थर घालून २०१० सालीं ती लिनक्सला जोडतां येईल अशी केली. त्याच वर्षीं फोरॉनिक्स ह्या संगणकविषयक प्रकाशनानें तिच्या कसोट्या घेतल्या, आणि अनेक ठिकाणीं ती लिनक्सच्या नेहमींच्या एक्स्ट-४ च्या मागें राहिली.

ह्यावरून तिला हिणकस ठरवावयाचें काय? झेड-एफ-एस प्रत्येक खणाची पडताळणीची बेरीज निराळी लिहून ठेवते आणि वाचतांना ती जुळवून पाहते. जुना मजकूर न खोडतां नवा दुसरीकडे लिहिते. उलट एक्स्ट-४ मजकूर डिस्कवर उतरविण्यास थोडा विलंब करून गति मिळवीत असे. २००९ सालीं असें उघडकीस आलें कीं, यंत्र मध्येंच बंद पडलें तर कांहीं फाइली अगदीं रिकाम्या मिळत. पुढें ती उणीव दूर करण्यांत आली. घड्याळ मात्र केवळ वेग सांगतें, विश्वास सांगत नाहीं.

आज सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याचा सातबाराहि संगणकाच्या दप्तरांत ठेविलेला असतो. तो क्षणांत मिळावा ही अपेक्षा योग्यच. पण दहा वर्षांनीं, भरलेल्या डिस्कवरून, वीज दहादां गेल्यानंतरहि तो अक्षरशः तसाच मिळावा, ही त्याहून मोठी अपेक्षा आहे. खऱ्यांना मिरजेस जीं पत्रें मिळालीं तीं लिहिणाऱ्यांच्या हयातीनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं वाचतां आलीं. कोणत्याहि नव्या फडणिसाची कसोटी लावावयाची, ती अखेर ह्याच खुणेपाशीं.