मौनाची किंमत

मौन म्हणजे संमती, असे आपण म्हणतो. इंग्लंडच्या न्यायालयाने मात्र १८६२ मध्ये ते मानले नाही. ‘उत्तर आले नाही, तर घोडा माझा’ अशा आशयाचे पत्र काकाने पुतण्याला धाडले होते. नुसत्या गप्प राहण्याने करार होत नाही, असा निकाल लागला.

हॅरी शेरमन यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत काढलेल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने यातून वाट काढली. संमती सभासद होतानाच घ्यायची. पुढे नकार वेळेत कळवला नाही, तर पुस्तक घरी आणि बिलही. १९७३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम करून नकारासाठी किमान दहा दिवस दिले. पद्धत मात्र राहिली.

आजच्या ‘मोफत’ महिन्याचे कूळ हेच. भारताने २०२३ मध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला फसव्या क्लृप्त्यांत गणले. पण विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि या धंद्याचे भांडवलही तेच.