निफाडचे रानडे आणि इंग्रजीचा निबंध

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

निफाड म्हटलं की आज लोकांना द्राक्षं आठवतात, लासलगावचा कांदा आठवतो, हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला येणारे पक्षी आठवतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला झाला, हे मात्र शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरतं उरलं आहे. खरं तर निफाडशी त्यांचा संबंध जन्मापुरताच. वडिलांची नोकरी कोल्हापूरला गेली आणि बालपण तिकडे सरलं. पण मी या तालुक्यात आयुष्यभर इंग्रजी शिकवली आणि ही भाषा कशासाठी, कोणासाठी शिकवायची, हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा इतक्या तीव्रपणे उभा राहिला, त्यांपैकी एक गृहस्थ आमच्याच गावात जन्मला. म्हणून आज त्यांच्याविषयी.

रानडे 1856 मध्ये मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला आले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे यांच्याबरोबर रानडे होते. त्यांच्या विद्यार्थिदशेतली एक हकिगत सगळे चरित्रकार सांगतात. मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना त्यांनी एका निबंधात केली आणि पारडं मराठ्यांच्या बाजूला झुकवलं. प्राध्यापक होते सर अलेक्झांडर ग्रँट. मोठा विद्वान माणूस, अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा संपादक. त्यांनी निबंध वाचला, विद्यार्थ्याला बोलावून समज दिली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी बंद केली.

यातली गंमत पाहा. निबंधाची इंग्रजी वाईट होती, असं कोणी म्हटलेलं नाही. शिक्षा भाषेला झाली नाही, मताला झाली. आणि शिक्षा करणारे नीतिशास्त्राचे जाणकार! पुराव्यानं मांड, स्वतंत्र विचार कर, असं शिकवायचं आणि मुलानं ते मनावर घेतलं की त्याचे पैसे थांबवायचे. पण रानड्यांच्या मनात ग्रँटसाहेबांविषयी कडवटपणा राहिला नाही. त्यांच्याविषयी ते पुढेही आदरानंच बोलत. पुढे स्वतः रानडेही एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते.

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दहावीच्या मुलांना 'माझं गाव' या विषयावर इंग्रजी निबंध दिला की चाळीसांपैकी पस्तीस वह्यांत एकच गाव सापडतं. हिरवीगार शेतं, झुळझुळ नदी, सुखी शेतकरी. हे गाव गाईडातलं. एका वर्षी कांद्याचा भाव कोसळला होता. त्या वर्षी एका मुलीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की वडील लासलगावच्या बाजार समितीतून परत आले, हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हिशोबपट्टीवर जे उरलं त्यात दुकानदाराची उधारीही फिटली नाही, आणि त्या रात्री घरात कोणी बोललं नाही. 'हमाली'ला तिला इंग्रजी शब्द सापडला नाही, तो तिनं तसाच ठेवला होता. क्रियापदांचे काळ चुकलेले. गाईडवाल्या वहीत एकही चूक नाही. आता गुण कोणाला? माझ्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, तपासनीस बोर्डाचा असेल, तो व्याकरण बघेल, मुलीला उगीच चढवू नका. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तिला जास्त गुण दिले आणि 'हमाली' हा शब्द तसाच राहू दिला. पण बोर्डाच्या परीक्षेत तिनं काय लिहावं, हे मला तिला खात्रीनं सांगता येईना.

रानड्यांनी यावर स्वतःपुरता एक तोडगा काढला. काय कुठल्या भाषेत लिहायचं, याची त्यांनी वाटणीच केली. प्रार्थना समाजातली प्रवचनं मराठीत. अर्थकारण, शेतसारा, इतिहास, म्हणजे ज्या गोष्टी राज्यकर्त्यांच्या कानावर घालायच्या, त्या इंग्रजीत. 'इंदुप्रकाश' पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली. सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकातला बराचसा मजकूर त्यांच्या लेखणीतून उतरला, पण सरकारी न्यायाधीश असल्यानं नाव घालायची सोय नव्हती. तरी सरकारला वास लागलाच. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या काळात त्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली.

'मराठी सत्तेचा उदय' हा त्यांचा ग्रंथ 1900 मध्ये इंग्रजीतच आला. ग्रँट डफनं मराठ्यांचा उदय जवळजवळ सह्याद्रीत पेटलेल्या वणव्यासारखा रंगवला होता. रानड्यांनी सांगितलं की त्यामागे संतांनी तयार केलेली जमीन होती. पण हे पटवताना त्यांनी संतांची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. इंग्रजी वाचकाला समजेल असं सांगायचं तर उपमाही त्याच्याच घरची घ्यावी लागते, आणि उपमा घेतली की हळूहळू आपणही आपल्याकडे तिच्यातून पाहू लागतो. माझ्या मते त्या ग्रंथाचं बळ आणि उणीव दोन्ही इथेच आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठीतच लिहिण्याचा हट्ट धरला, तो मला यामुळेच समजू शकतो.

पण केवळ मराठीत लिहिलं म्हणून लेखन सगळ्यांचं होतं का? हा प्रश्न रानड्यांनाच विचारला गेला. 1885 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तिचं निमंत्रण त्यांनी जोतीराव फुले यांना पाठवलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. त्यांचा मुद्दा असा की, जे लोक शूद्रातिशूद्रांना माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसणार नाही, आमचं दुःख त्यांच्या पुस्तकांत उतरणार नाही. ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. मराठी साहित्याच्या इतिहासात निमंत्रणाला आलेलं इतकं महत्त्वाचं उत्तर दुसरं नसेल. फुल्यांच्या घरी इंग्रजीकडे पाहण्याची दृष्टीही निराळी होती. सावित्रीबाईंनी 1854 च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. 'गुलामगिरी'ला 1873 मध्ये जोतीरावांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. ज्यांना संस्कृतचं दार बंद होतं त्यांना इंग्रजी परक्यांची भाषा वाटण्याआधी उघडं दार वाटली. सदाशिव पेठेत आणि महारवाड्यात इंग्रजीचा धडा एकच असला तरी त्याचा अर्थ एक नव्हता.

रानड्यांच्या स्वतःच्या घरातही हा वाद होताच. रमाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या, निरक्षर. रानड्यांनी त्यांना मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतली, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांचा किती छळ मांडला ते रमाबाईंनी 1910 च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. बाईनं मराठी वाचणं कसंबसं खपत होतं, इंग्रजी म्हणजे मर्यादा सुटली. आणि त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारं निवेदन गव्हर्नरांपुढे इंग्रजीत वाचलं. हायस्कूल 1884 मध्ये निघालं. तेच आपलं हुजूरपागा.

विद्यापीठानं 1860 च्या दशकातच मराठीला वरच्या परीक्षांतून बाहेर काढलं होतं. अभिजात म्हणून संस्कृत किंवा लॅटिन घ्या, मराठीत वाचण्याजोगं आहे काय, असा सूर होता. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत रानडे या मराठीसाठी झगडले. 1898 मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा लिहिला, तोही इंग्रजीत, कारण सिनेटला पटवायचं होतं. एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळाली ती त्यांच्या निधनाच्या सुमारास. ते गेले 16 जानेवारी 1901 रोजी.

त्यानंतर 42 वर्षांनी, 18 जानेवारी 1943 रोजी, रानड्यांच्या जन्मदिनी पुण्यात भाषणाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावण्यात आलं. तेही एल्फिन्स्टनचे पदवीधर. निफाडशेजारच्या येवल्याला 1935 मध्ये, हिंदू म्हणून मरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं ते मराठीत, आपल्या माणसांसमोर. 'मूकनायक' मराठीत, मोठे ग्रंथ इंग्रजीत, ही वाटणी त्यांचीही होती. पुण्याचं ते भाषण इंग्रजीत झालं. त्यात रानड्यांच्या समाजसुधारणेची बाजू त्यांनी राजकारण्यांच्या वरची ठरवली आणि त्याच भाषणात विभूतिपूजेवर कोरडे ओढले. ते त्याच वर्षी पुस्तकरूपानं निघालं. मी ते अकरावीच्या मुलांना वाचून दाखवत असे, दर जानेवारीत, आणि मग त्यांना रानड्यांवर निबंध लिहायला सांगत असे. भाषा ज्याची त्यानं निवडायची.