जिस्ट कार्ड आणि पडद्यावरील देवनागरी

नेवासे तालुक्यातील सोनई या गावाचे नाव रोमन लिपीत पाच अक्षरांनी लिहिले जाते. त्या पाच अक्षरांवरून मूळ नाव ‘सोनई’ की ‘सोनाई’, याचा निर्णय परक्या वाचकास करता येत नाही. ज्या काळी संगणकाच्या पडद्यावर केवळ रोमन अक्षरे उमटत, त्या काळी गावांच्या व माणसांच्या नावांविषयी असा संदेह टाळणे कठीण होते. तो दूर करण्यासाठी जुन्याच संगणकात बसविल्या गेलेल्या एका जोड-कार्डाचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

आयबीएम कंपनीने १९८१ साली आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या एकरंगी पडद्यावर २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० घरे असत. प्रत्येक घरास पडद्याच्या स्मृतीत दोन बाइट लागत : एक अक्षराच्या संकेताचा, दुसरा त्याच्या ठळकपणासारख्या गुणांचा. म्हणजे सबंध पडद्यास ४,००० बाइट पुरत. अक्षरांच्या २५६ आकृती कायम स्मृतीत कोरलेल्या असून, एका संकेतास एकच आकृती असा नियम होता. देवनागरीस जाचक ठरला तो हा नियम. येथे मात्रा व्यंजनाच्या वर वा खाली जाते, ऱ्हस्व इकार तर व्यंजनाच्या आधी उभा राहतो, आणि जोडाक्षरांत वर्णांचे रूपच पालटते. नुसती स्मृती वाढवून ही अडचण सुटणारी नव्हती.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले यासंबंधीचे संशोधन पुढे पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत, मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली विस्तारले. त्यातून सिद्ध झालेले जिस्ट कार्ड संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसविले, की डीबेससारख्या मूळ इंग्रजीसाठी रचलेल्या कार्यप्रणालीतही मराठी मजकूर भरता येई. स्मृतीत वर्ण उच्चारक्रमाने साठवावयाचे आणि त्यांची आकृती जुळविण्याचे काम कार्डावर सोपवावयाचे, हे त्यामागील तत्त्व होय. ‘सोनई’ या शब्दास स, ओकार, न व ई असे चार संकेत पुरतात. नेवाशास ज्यांच्या ग्रंथामुळे कीर्ती लाभली, त्या ‘ज्ञानेश्वर’ या नावास हलन्त-चिन्हांसह दहा लागतात; पण जोडाक्षरांसाठी निराळे संकेत योजावे लागत नाहीत. हीच संकेतपद्धती १९९१ साली ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

जिस्ट कार्ड ही तात्पुरती सोय होती, असा आक्षेप संभवतो. विंडोज २००० प्रणालीत देवनागरीची जुळणी संगणकाच्या आज्ञावलीनेच होऊ लागल्यावर अशा कार्डाचे प्रयोजन उरले नाही, हे खरे. तथापि ज्या पद्धतींनी संकेत विशिष्ट टंकाच्या आकृतींशी बांधले, त्यांतील मजकूर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांचा समूह होऊन बसला. उच्चारक्रमाने साठविलेल्या मजकुरावर तशी आपत्ती ओढवली नाही. कारण १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे.

यंत्राची सुधारणा त्या यंत्राच्या आयुष्याने मोजण्याचा प्रघात आहे. जिस्ट कार्डाचे मोल मात्र त्याने राखलेल्या अक्षरांवरून ठरविणे अधिक न्याय्य होईल. कार्ड खाचेतून निघाले. सोनईची ई शाबूत राहिली.