जान किंवा जमीन : मुळशीच्या तीन शब्दांची ताकद आणि मर्यादा

१/ हिंजवडीच्या पुढे कासारसाईकडे गेलात, की डोंगरांच्या कुशीत धरणाचे पाणी दिसते. याच मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात एक कितीतरी जुने आणि मोठे धरण आहे. त्याविरुद्ध १०० वर्षांपूर्वी झालेल्या लढ्यातील सर्वांत धारदार शस्त्र अवघ्या तीन शब्दांचे होते. आजचा धागा त्या शब्दांविषयी. 🧵

२/ आधी पार्श्वभूमी. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी अडवायचे, सह्याद्रीच्या कड्यावरून ते कोकणात भिऱ्याला उतरवायचे, तिथे वीज निर्माण करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी सुमारे ५० गावांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली जाणार होती.

३/ कंपनीच्या बाजूने दोन प्रबळ शब्द उभे होते. पहिला कायद्याचा : १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील ‘सार्वजनिक प्रयोजन’. खाजगी कंपनीची गरज या शब्दाआड ‘सर्वांची’ गरज होऊन बसे. दुसरा शब्द ‘स्वदेशी’. उद्योग भारतीय मालकीचा, मग त्याला विरोध कसा करावा? अनेक सुशिक्षितांची जीभ इथेच अडखळे.

४/ यावर मुळशीने दिलेले उत्तर म्हणजे ‘जान किंवा जमीन’. त्याची घडण पाहा. दोन्ही टोकांना ‘ज’ आणि ‘न’, म्हणजे अनुप्रास. क्रियापद नाही, विशेषण नाही. एकदा ऐकले की पाठ होते. उच्चारायला अक्षरओळख लागत नाही. पण खरी किमया मधल्या ‘किंवा’ची आहे. तो तडजोडीची वाटच बंद करतो.

५/ दुसरे साधन होते नामकरण. सरकारी कागदांत हे लोक केवळ ‘खातेदार’. चळवळीच्या भाषेत मात्र ते ‘मावळे’ झाले. या एका शब्दाने शिवकाल जागा होई आणि भाताच्या खाचराला गडाची प्रतिष्ठा लाभे. नेते पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लढा सत्याग्रहाचा, शब्दसंपदा मात्र रणांगणाची! हा ताण पुढे उघड होणार होता.

६/ मुहूर्तही बोलका होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. या दिवशी सत्याग्रहाला आरंभ झाला. सण निवडला की निमंत्रणपत्रिका छापावी लागत नाही. तिथी गावोगाव आधीच ठाऊक असते. धरणाचे काम काही काळ थांबले.

७/ त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या प्रश्नावर लिहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : एका जरी गरिबाच्या इच्छेविरुद्ध ही योजना लादली जाणार असेल, तर तिच्या साऱ्या लाभांचे मोल काय? हा उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न आहे. कंपनी लाभांची बेरीज मांडत होती. त्यांनी बेरजेची रीतच प्रश्नांकित केली.

८/ लढ्यात एक मुरलेला शब्दयोद्धाही होता. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे. राजद्रोहाच्या कायद्याची टांगती तलवार असताना त्यांनी वक्रोक्तीचे शस्त्र परजले होते : वरवर स्तुती, आत डंख. तरीही १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झालीच. मुळशीसाठी मात्र हा वक्रोक्तीचा स्वामी थेट सत्याग्रहात उतरला आणि १९२२ मध्ये पुन्हा तुरुंगात गेला.

९/ मग लढा हरला कुठे? मित्रहो, त्या तीन शब्दांकडे पुन्हा पाहा. ‘जमीन’ हा शब्द एकच. पण ती कोणाची? कसणारी कुळे वेगळी आणि मालकी सांगणारे पुण्याचे जमीनदार-सावकार वेगळे. कुळासाठी जमीन म्हणजे जगणे. सावकारासाठी ती मालमत्ता, आणि मालमत्तेची किंमत ठरवता येते. घोषणेने नाकारलेला तिसरा पर्याय, अर्थात पैशाचा मोबदला, नेमका याच फटीतून आत शिरला.

१०/ मोबदला स्वीकारला जाऊ लागला, एकजूट विरली आणि काम पुढे सरकत राहिले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी सशस्त्र होऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. रणांगणाच्या शब्दांनी अखेर कृतीचे रूप घेतले होते. धरण मात्र पूर्ण झाले.

११/ घोषणा फसवी होती का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिच्यामुळेच विखुरलेली गावे एका आवाजात बोलली आणि धरणग्रस्तांचा प्रश्न देशापुढे आला. पण जी संक्षिप्तता माणसे जोडते, तीच त्यांच्यातले भेद झाकते. घोषणेचे बळ आणि तिची आंधळी जागा एकाच ठिकाणी असते.

१२/ आज कासारसाई-हिंजवडी परिसरातही जमीन हाच कळीचा शब्द आहे आणि ‘विकास’ हा नवा ‘सार्वजनिक प्रयोजन’. पुढच्या वेळी असा भारदस्त शब्द कानी पडला, की दोन प्रश्न विचारा : यात नेमके कोण आले? आणि कोण झाकले गेले? मुळशीच्या पाण्याखालच्या गावांनी शिकवलेला वक्तृत्वशास्त्राचा हा पहिला धडा आहे.

(समाप्त)